गाडीच्या लेदर सीटची निगा : आधी मळ, मग क्रीम

लेदर सीटची निगा म्हणजे तिला क्रीम चोळणं, असा बहुतेकांचा समज असतो. नवी गाडी घरी आली की अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातून पहिली बाटली येते ती कंडिशनरची. कित्येक महिन्यांचा घाम, धूळ आणि केसांचं तेल तसंच राहतं, त्यावर क्रीमचा थर बसतो, सीट चार दिवस चकाकते आणि पुढे हात लावला की चिकट लागते. ज्यांनी पहिल्यांदाच लेदर सीटची गाडी घेतली आहे, किंवा सेकंडहँड गाडीतल्या काळवंडलेल्या सीट पाहून सुरुवात कुठून करावी हे ज्यांना कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट पक्की धरा : स्वच्छ ठेवलेली सीट क्रीमशिवायही बरीच वर्षं चांगली राहते, मळलेल्या सीटला महागातलं महाग क्रीमसुद्धा वाचवत नाही.

सीटच्या चामड्यावर काय असतं

कोल्हापुरी चप्पल नवी असताना आपण तिला तेल लावतो आणि ती खरंच मऊ पडते. ते चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, वर लेप नसतो, त्यामुळे तेल आत मुरतं. गाडीच्या सीटचं चामडं वेगळं. ते सहसा क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात, त्यावर रंगाचे थर चढवतात आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा पातळ, पारदर्शक थर देतात. सीटवर बसल्यावर तुमचा स्पर्श होतो तो या वरच्या थराला. खोबरेल, एरंडेल किंवा पेट्रोलियम जेली लावली तर ती आत फारशी जातच नाही. वर तवंगासारखी राहते, धूळ धरून ठेवते आणि पावसाळ्यात बुरशीला खाऊ पुरवते.

म्हणून खरी राखण करायची ती या वरच्या थराची. त्याचे वैरी तीन. पहिली धूळ : तिच्यातले वाळूचे कण टोकदार असतात आणि गाडीत बसता-उतरताना आपण सीटवर घसरतो तेव्हा ते थर खरवडतात. दुसरा वैरी अंगाचा घाम आणि तेल, जे त्या थराला हळूहळू मऊ करतं. तिसरं ऊन. उन्हात उभ्या गाडीतल्या सीट ६० अंशांच्या पुढे सहज तापतात, आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात तर बाहेरच ४५ अंश असतात.

ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड टॉर्च तिरपा धरून पाहा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडून आत शिरतो, म्हणून उजवी फुगीर कड सगळ्यात आधी झिजते. नव्या सीटवर तिथे बारीक कणीदार पोत आणि मंद झाक दिसते. मळलेल्या सीटवर तीच जागा गुळगुळीत आणि चकचकीत दिसते. पुष्कळ जण या चकाकीला लेदरची शान समजतात. प्रत्यक्षात तो तेलकट मळ असतो. स्वच्छ ऑटोमोटिव्ह लेदर मॅट दिसतं. साफसफाई झाल्यावर सीट फिकी वाटली तर घाबरू नका, ती मूळची तशीच होती.

आधी ओळख पटवा

आपल्याकडे ज्याला लोक सरसकट लेदर म्हणतात त्यातलं बरंचसं लेदरेट असतं, म्हणजे कापडावर पीव्हीसी किंवा पीयूचा थर. खात्रीचा मार्ग म्हणजे गाडीच्या माहितीपत्रकात तुमच्या व्हेरिएंटसमोर काय लिहिलंय ते वाचणं. अस्सल लेदर असलेल्या अनेक गाड्यांतसुद्धा ते फक्त बसायच्या आणि टेकायच्या भागापुरतंच असतं. बाजू आणि सीटची मागची बाजू रेक्झिनची असते. काडी पेटवून वास घेण्याचा प्रयोग कुणी सुचवला तर अजिबात करू नका. वर लेप असलेलं चामडं आणि लेदरेट यांतला फरक त्यातून कळत नाही, डाग मात्र कायमचा पडतो.

अस्सल लेदर असेल तर एक चाचणी उपयोगी आहे. बसायच्या भागाच्या मागच्या कोपऱ्यात, पाठीजवळच्या फटीपाशी, जिथे नजर जात नाही, तिथे पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वर लेप आहे, आणि खाली दिलेली सगळी कृती निर्धास्त वापरा. थेंब मुरून जागा काळपट झाली तर लेप नाही किंवा उडालेला आहे. असं लेदर गाड्यांत क्वचितच भेटतं. त्याला पाण्याने घासू नका, लेप नसलेल्या लेदरसाठी बनवलेलं क्लीनरच आणा.

सीट लेदरेटची निघाली तर अर्धा खर्च वाचला. ती साफ करायची पद्धत हीच, पण चामड्याच्या कंडिशनरचा तिला काही उपयोग नाही. ते आत शिरणारच नाही. पीव्हीसी उन्हाने कडक होऊन तडकतं, आणि स्वस्तातल्या पीयूच्या कव्हरचे दमट हवेत पापुद्रे सुटतात. मुंबई-कोकणात तीन-चार वर्षांत कव्हर सोलपटायला लागलं तर त्यात तुमच्या निगेचा दोष असेलच असं नाही. त्या मालाचा तो स्वभावच आहे.

काय काय लागेल

लेदरसाठी म्हणून विकलं जाणारं, पाण्यावर आधारित सौम्य क्लीनर. मऊ केसांचा ब्रश. दाढीचा जुना ब्रश किंवा लहान मुलांचा टूथब्रशही चालतो. मायक्रोफायबरची पाच-सहा कापडं, तीही फिक्या रंगाची, म्हणजे निघालेला मळ आणि चुकून सुटणारा रंग दोन्ही दिसतात. ब्रशवालं नोझल असलेला व्हॅक्यूम क्लीनर, एक बादली आणि लेदर असल्यास कंडिशनर.

क्लीनर मिळालं नाही तर एक लिटर कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब हा चालणारा पर्याय आहे. कपड्यांची वडी, भांड्यांचा साबण, डिटर्जंट हे मात्र नको. चामडं मुळात किंचित आम्लधर्मी असतं आणि वडीचा साबण अल्कधर्मी; तो वारंवार लावला की लेप आणि चामडं दोन्हींचं नुकसान होतं. सॅनिटायझर, थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर थेट रंगच काढतात. पांढरा मॅजिक स्पंज हा खरं तर अतिशय बारीक पॉलिशपेपर आहे, डागाबरोबर लेपही घासून नेतो. डॅशबोर्ड पॉलिशही सीटवर नको, तिने सीट निसरडी होते.

पाण्याचंही एक. बोअरचं क्षारांचं पाणी वापरलं तर काळ्या सीटवर पांढरे डाग उरतात. आरओ फिल्टरचं एक बादली पाणी घ्या, काम सुटतं.

पायरी १ : जागा आणि वेळ

सावली हवी आणि सीट हाताला गार लागली पाहिजे. तापलेल्या सीटवर क्लीनर पुसायच्या आतच वाळतं आणि चट्टे उठतात. चारही दारं उघडी ठेवायची असल्याने आतले दिवे बंद करा, नाहीतर बॅटरी उतरेल. कोरड्या दिवसाची सकाळ सगळ्यात बरी. पाच सीटच्या गाडीला पहिल्या वेळी दोन-तीन तास धरून चला.

पायरी २ : कोरडी सफाई

हिच्यात घाई करू नका. ओलं कापड लावण्याआधी जेवढी धूळ निघेल तेवढी कमी घासली जाते. मुलांची सीट, कुशन, मागे लटकवलेलं सगळं काढा. पुढच्या सीट पूर्ण मागे सरकवून आणि मग पूर्ण पुढे घेऊन व्हॅक्यूम करा. पाठ आणि बैठक यांच्यामधल्या फटीत हात घालून ती फाकवा. चिवडा, नाणी, वाळू, सगळं तिथेच असतं. शिवणीच्या बाजूने ब्रशचं नोझल हळू फिरवा. शिवणीत अडकलेली वाळू प्रत्येक बसण्याबरोबर दोऱ्याला कापत असते.

सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नका, ओढू नका. ते एअरबॅगच्या यंत्रणेचे असतात.

पायरी ३ : कोपऱ्यात चाचणी

क्लीनर कितीही नामांकित असो, आधी बसायच्या भागाच्या मागच्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर लावून पुसा. पांढऱ्या कापडावर करडा-तपकिरी मळ आला तर ठीक. सीटचाच रंग आला तर तिथेच थांबा. विशेषतः सेकंडहँड गाडीत ही चाचणी टाळू नका. विक्रीआधी सीटवर रंग मारून दिलेला असू शकतो.

पायरी ४ : साफ करणं

एका वेळी सीटचा अर्धा भागच घ्या. आधी प्रवाशाच्या सीटपासून सुरुवात करा, हात बसतो. ड्रायव्हरची सीट सर्वांत मळकी, ती शेवटी. क्लीनर ब्रशवर किंवा कापडावर घ्या, थेट सीटवर फवारू नका. बारीक भोकांच्या सीट असतील तर हा नियम काटेकोर पाळा. व्हेंटिलेटेड सीटखाली पंखा असतो, हीटेड सीटमध्ये तारा असतात, आणि त्या भोकांतून गेलेलं पाणी आतल्या फोममध्ये अडकून कुबट वास धरतं.

ब्रश हलक्या हाताने गोल फिरवा. वजन टाकायचं नाही. फेसच मळ उचलतो. काही क्षणांत पांढरा फेस चहाच्या रंगाचा व्हायला लागतो. ड्रायव्हरच्या सीटवर, मांडीखालच्या पट्ट्यात आणि उजव्या कडेला तो चक्क काळपट होतो. फेस वाळू न देता कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्या. मग साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या दुसऱ्या कापडाने पुसा, म्हणजे क्लीनरचा अंश उरत नाही. मग तिसरं, कोरडं कापड. फेस पुन्हा चहासारखा आला तर तीच जागा दुसऱ्यांदा करा. एकदाच जोर लावण्यापेक्षा दोनदा हलक्या हाताने केलेलं केव्हाही चांगलं.

हेडरेस्टकडे खास लक्ष द्या. डोक्याला तेल लावणाऱ्या घरात तो काळा पडलेला असतो आणि कुणाच्या नजरेत येत नाही. दोन्ही बाजूंचे आर्मरेस्ट, गिअरची मूठ आणि लेदर चढवलेलं स्टिअरिंग हेही त्याच पद्धतीने करा. स्टिअरिंगवर कंडिशनर मात्र लावू नका, हात घसरतो.

पायरी ५ : वाळू द्या

दारं उघडी ठेवून अर्धा-पाऊण तास. हेअर ड्रायर नको, कडक ऊनही नको.

पायरी ६ : कंडिशनर

इथवर आलात तर नव्वद टक्के काम झालं. कंडिशनरकडून फार चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. लेप असलेल्या लेदरवर त्याचं मुख्य काम म्हणजे पृष्ठभागाचं घर्षण कमी करणं आणि लेपाला पडलेल्या सूक्ष्म भेगांतून थोडासा ओलावा-मऊपणा देणं. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारं मिळालं तर तेच घ्या, आपल्या उन्हाला ते जास्त कामाचं आहे.

कापडावर रुपयाच्या नाण्याएवढं घ्या. एवढं एका सीटच्या बसायच्या भागाला पुरतं. पातळ पसरवा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि कोरड्या कापडाने उरलेलं सगळं पुसून काढा. बोट फिरवल्यावर ठसा उमटत असेल तर अजून पुसायला हवं. भोकांच्या भागावर कापड जवळजवळ कोरडंच फिरवा. क्रीम भोकांत बसलं की पांढरे ठिपके दिसतात. तसं झालंच तर वाळू द्या आणि कोरड्या ब्रशने झाडा. त्यानंतर दोन तास तरी कुणी बसलं नाही तर उत्तम.

कधी आणि किती वेळा

आठवड्यातून एकदा कोरड्या मायक्रोफायबरने धूळ पुसा. महिन्यातून एकदा घट्ट पिळलेल्या ओल्या कापडाने पुसा आणि लगेच कोरडं करा. वर दिलेली पूर्ण सफाई तीन-चार महिन्यांतून एकदा. सीट फिक्या रंगाची असेल, गाडी रोज पाच माणसं वाहत असेल किंवा घरात लहान मूल असेल तर दोन महिन्यांतून. कंडिशनर वर्षातून दोनदा पुरे : फेब्रुवारी-मार्चमध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात. पावसाळ्याच्या तोंडावर लावू नका. त्या वेळी सीटवर जेवढी कमी स्निग्धता तेवढी बुरशी कमी, म्हणून मेच्या शेवटी फक्त नीट सफाई करून ठेवा.

उन्हासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे विंडशील्डच्या आत लावायचा चंदेरी पडदा. सावलीत गाडी लावणं जमत नसेल तर हा घ्याच.

आपल्याकडचे डाग

गुलाल. विसर्जनाच्या मिरवणुकीतून किंवा रंगपंचमीहून आलेला माणूस सीटवर बसला की सगळे ओलं फडकं शोधतात. तेच करायचं नाही. पाणी लागलं की रंग शिवणीत आणि भोकांत उतरतो. आधी व्हॅक्यूमचं नोझल सीटला न टेकवता जवळ धरून कोरडा गुलाल ओढून घ्या, मग कोरड्या मऊ ब्रशने झाडून पुन्हा ओढा, आणि अगदी शेवटी क्लीनर. त्या दिवसांत सीटवर जुनी चादर टाकून ठेवणं सगळ्यात शहाणपणाचं.

हळद. हळदीच्या कार्यक्रमाहून परतताना किंवा डब्यातली भाजी सांडल्यावर पडणारा हा डाग. कपड्यावरच्या हळदीला साबण लागला की ती लालभडक होते हे आपण पाहतोच. अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की तिचा रंग बदलतो. म्हणून सीटवर साबण नाही. सौम्य लेदर क्लीनरने जेवढी निघेल तेवढी काढा. उरलेला पिवळेपणा प्रकाशाने उतरतो. काही दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात गाडी लावली की तो फिका पडत जातो.

वडापाव, भजी, तेलकट कागद. तेल टिपून घ्या, चोळू नका, आणि त्याच दिवशी क्लीनर लावा. एवढंच.

जीन्सचा निळा रंग. फिक्या सीटवर हा हमखास चढतो, नव्या जीन्सचा तर जास्तच. ताजा असेल तर नेहमीच्या सफाईत निघतो. उन्हाळ्यातले दोन महिने तसाच राहिला तर लेपात मुरतो आणि मग घरी निघेलच असं नाही. महिन्याच्या पुसण्यात बैठकीच्या पुढच्या कडा बघत जा.

बॉलपेनची शाई. पहिल्या तासात लेदर क्लीनरने प्रयत्न करा, कापूस डागावर टिपत, कडेकडून मध्याकडे. त्यानंतर जी शाई उरेल ती स्पिरिटने काढायचा मोह होतो, पण स्पिरिट रंगही उचलतं. पांढरट चट्ट्यापेक्षा बारीक निळी रेघ परवडली.

दूध किंवा उलटी. इथे डागापेक्षा वासाचा प्रश्न मोठा. सीटवरचं पुसून थांबू नका. ते शिवणीतून, फटीतून खाली कुठे गेलं ते शोधा. मॅट आणि खालचं कार्पेट बाहेरून कोरडं दिसलं तरी दाबून बघा.

बुरशी लागली तर

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यात जुलैत दहा-बारा दिवस बंद राहिलेल्या गाडीचं दार उघडलं की सीटवर पांढरी-हिरवट पूड दिसते. गाडी उघड्यावर आणा, चारही दारं उघडा आणि मास्क लावा. कोरड्या ब्रशने झाडू नका, बुरशीचे बीजाणू सगळ्या गाडीत उडतात. किंचित ओलं टाकाऊ कापड घेऊन एका दिशेने पुसा आणि प्रत्येक दोन-तीन हातांनंतर ते फेकून नवं घ्या. मग नेहमीची क्लीनरची सफाई करा. त्यानंतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून, कोपऱ्यात चाचणी घेऊन, पिळलेल्या कापडाने पुसा आणि साध्या पाण्याच्या कापडाने परत पुसून कोरडं करा. ब्लीच नको.

बुरशी परत येत असेल तर सीटला दोष देण्याआधी ओल शोधा. मॅट उचलून कार्पेट दाबा, डिकीतल्या स्टेपनीचा खड्डा पाहा, दारांचे रबर तपासा. एसीचा फिल्टर बदलून किती दिवस झाले तेही पाहा. घरी पोहोचण्याआधी शेवटची पाच मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा, बाहेरची हवा घेत, चालू ठेवला तर आतली ओल कमी राहते. गाडी वापरात नसेल तेव्हा पाऊस उघडल्यावर अर्धा तास दारं उघडी टाका.

ओलावा शोषणारे पांढऱ्या खड्यांचे डबे मिळतात, ते चांगले काम करतात. मात्र त्यांतल्या बहुतेकांत कॅल्शियम क्लोराइड असतं आणि त्याचं पाणी होऊन डब्यात साचतं. ते पाणी सीटवर सांडलं तर चामडं आकसतं आणि मग उपाय नाही. डबा फक्त उभ्या गाडीत, पायाशी सपाट जागी ठेवा आणि गाडी चालू करण्याआधी बाहेर काढा.

घरी होणार नाही ते

चामडं तडकलं असेल, रंग उडून आतला करडा-पांढरट पोत दिसत असेल, किंवा शिवण उसवली असेल तर क्लीनर आणि कंडिशनरचं काम संपलं. बाजारात मिळणारं रंगीत क्रीम कपड्यांना लागतं. लेदर रिफिनिशिंग करणाऱ्या कारागिराला दाखवा : तो जागा साफ करून, भेग भरून, रंग जुळवून वर नवा लेप देतो, आणि बहुतेक वेळा फक्त झिजलेली कडच करून भागतं, सगळी सीट बदलावी लागत नाही. वर लेप देणार का, आणि रंग आधी कोपऱ्यात जुळवून दाखवणार का, हे दोन प्रश्न काम देण्याआधी विचारा. त्याऐवजी कव्हर घालायचं ठरवलंत तर सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची पट्टी आहे का ते आधी पाहा. असेल तर त्या बाजूला मोकळी जागा किंवा त्यासाठीची खास शिवण असलेलंच कव्हर घ्या, नाहीतर वेळेला एअरबॅग बाहेर यायला अडथळा होतो.